लहान कारखान्यातील कामाचे नियोजन आणि संगणकीय साधने

एका गावातील माध्यमिक शाळेला आपल्या अंगणात पत्र्याचे मोठे छप्पर उभारावयाचे आहे, अशी कल्पना करू. पावसाळा जवळ येऊन ठेपला आहे. शाळेने हे काम दहाबारा माणसांच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याकडे सोपविले आहे. कारखान्याचा मालक एके काळी स्वतः वेल्डर होता. त्याच्या हाताखाली दोन कसलेले वेल्डर, काही मदतनीस आणि अर्धा दिवस येणारा एक हिशेबनीस, एवढीच माणसे आहेत. छप्पर केव्हा तयार होईल, असे मुख्याध्यापकांनी विचारताच, "महिन्याभरात देतो, गुरुजी," असे उत्तर तो क्षणाचाही विलंब न लावता देतो.

हे उत्तर त्याने कोठून काढले? अर्थात अनुभवातून. अशी चाळीस-पन्नास छपरे त्याने आजवर उभारली आहेत आणि त्याचा अंदाज सहसा फारसा चुकत नाही. या अनुभवाला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. परंतु कामाच्या बाराव्या दिवशी त्याला कोणी विचारले, की गवंडी चार दिवस आला नाही, आता छपराचे काय होणार, तर त्याच्यापाशी नेमके उत्तर नसते. तो चिडतो, गवंड्याच्या मागे लागतो, आणि त्याच वेळी जेथे खरोखर लक्ष द्यावयास हवे तेथील एक दिवस त्याच्या नकळत निघून जातो. कोणता विलंब खरा आणि कोणता केवळ दिसावयास मोठा, हे ओळखण्याची एक पद्धत गेल्या शतकाच्या मध्यास शोधून काढण्यात आली. ती वापरण्यास त्या काळी लक्षावधी डॉलरांचे यंत्र लागे. आज मालकाच्या खिशातील फोन पुरतो. एवढी सोय झाल्यावर लहान कारखान्यांतील कामे वेळेवर होऊ लागली काय, आणि होत नसल्यास का होत नाहीत, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

छपराच्या कामाची फोड

वाचकाने कागद व पेन्सिल घेऊन पुढील आकडे मांडून पाहावेत. जागेची मापे घेऊन आराखडा काढण्यास ४ दिवस लागतात. तो आराखडा शाळेच्या मंडळापुढे जाऊन मंजूर होण्यास ३ दिवस. मंजुरी मिळाल्यावर तीन गोष्टी एकाच वेळी सुरू करता येतात. लोखंडी अँगल व चॅनेल मागविले तर ते येण्यास ७ दिवस लागतात. हव्या त्या लांबीचे पत्रे मागविले तर १० दिवस लागतात. खांबांसाठी खड्डे खणून काँक्रीट भरण्यास ५ दिवस, आणि त्यावर पाणी मारून ते मुरू देण्यास आणखी ७ दिवस, मिळून पायाला १२ दिवस लागतात. लोखंड आल्यावर कारखान्यात ते कापून, जोडून कैच्या तयार करण्यास ९ दिवस. त्यांना तांबडा रंग देण्यास २ दिवस. पाया आणि कैच्या दोन्ही तयार झाल्यावरच उभारणी करता येते, तिला ४ दिवस. शेवटी पत्रे बसविण्यास ३ दिवस.

सर्व दिवसांची सरळ बेरीज केली तर ती ५४ येते. परंतु पुष्कळशी कामे बरोबरीने चालत असल्यामुळे एवढा काळ लागणार नाही. मंजुरी सातव्या दिवशी मिळते. लोखंडाच्या बाजूने पाहिले तर चौदाव्या दिवशी माल येतो, तेविसाव्या दिवशी कैच्या होतात, पंचविसाव्या दिवशी रंग पुरा होतो. पायाच्या बाजूने पाहिले तर सर्व काही एकोणिसाव्या दिवशीच तयार होते. पत्रे सतराव्या दिवशी येऊन पडतात. उभारणी मात्र पंचविसाव्या दिवसाच्या आधी सुरू होऊ शकत नाही. ती एकोणतिसाव्या दिवशी संपते, आणि बत्तिसाव्या दिवशी छप्पर तयार होते. मालकाचा 'महिना' हा असा जवळजवळ अचूक होता.

आता या मांडणीतून मिळणारी नवी माहिती पाहा. पायाच्या कामाला ६ दिवसांची सवड आहे. गवंडी ४ दिवस उशिरा आला तरी छप्पर एका दिवसानेही लांबत नाही. पत्र्यांना तर १२ दिवसांची सवड आहे. उलट आराखडा, मंजुरी, लोखंड, कैच्या, रंग, उभारणी आणि पत्रे बसविणे या साखळीला मुळीच सवड नाही. मंडळाच्या सभेची तारीख ३ दिवस पुढे गेली तर छप्परही नेमके ३ दिवस पुढे जाते. या बिनसवडीच्या साखळीला 'क्रिटिकल पाथ' असे नाव आहे. आपण तिला निर्णायक साखळी म्हणू.

ही साखळी कायमची ठरलेली नसते. गवंड्याचा उशीर ८ दिवसांवर गेला तर पाया सत्ताविसाव्या दिवशी तयार होईल, निर्णायक साखळी आता पायातून जाईल आणि काम ३४ दिवसांवर जाईल. तसेच, मालकाने लोखंड दूरच्या व्यापाऱ्याकडून न मागविता जवळच्या वखारीतून थोडा अधिक भाव देऊन एका दिवसात आणले, तर ६ दिवस वाचतात व काम २६ दिवसांत होते. मात्र त्या क्षणी लोखंडाची आणि पायाची अशा दोन्ही साखळ्या सारख्याच लांबीच्या होतात. त्यानंतर वेल्डरांना जादा कामाची मजुरी देऊन रात्री बसविले, तरी एक दिवसही वाचणार नाही; कारण काँक्रीट आपल्या गतीनेच मुरणार, त्याला घाई कळत नाही. जादा मजुरीवर खर्च झालेल्या पैशांपैकी किती पैसा अशा ठिकाणी वाया जातो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही.

पद्धतीचा उगम

काम आणि काळ यांचा मेळ कागदावर चित्ररूपाने दाखविण्याचा प्रयत्न जुना आहे. पोलंडमधील अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये असा एक तक्ता तयार केला होता. पुढे १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हेन्री गँट यांनी आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गँटच्या तक्त्यावरून कोणते काम केव्हा चालू आहे हे दिसते, पण कोणते काम कोणत्या कामावाचून अडते हे मूळ तक्त्यात दिसत नसे.

ही उणीव १९५७ साली भरून निघाली. ड्यू पाँट या अमेरिकन रसायन-कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या यंत्र-कंपनीतील जेम्स केली यांनी कामांच्या परस्परावलंबनाचे जाळे मांडून त्यातून निर्णायक साखळी काढण्याचे गणित सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी युनिव्हॅक हा संगणक वापरला. त्याची किंमत दहा लाख डॉलरांहून अधिक होती. ड्यू पाँटच्या लुईव्हिल येथील कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे बंद ठेवण्याचा काळ या पद्धतीने सरासरी १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' ही जवळची पद्धत बसविली. तिचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक कामाला किती दिवस लागतील याचा एकच आकडा न देता तीन आकडे द्यावयाचे: सर्व सुरळीत झाल्यास किती, साधारणतः किती आणि सर्व बिघडल्यास किती. मधल्या आकड्याची चौपट करून तीत इतर दोन मिळवावयाचे व सहाने भागावयाचे. आपल्या लोखंडाचेच पाहा. लवकरात लवकर ५ दिवस, बहुधा ६ दिवस, आणि वाईटात वाईट १३ दिवस लागत असतील, तर ५, २४ व १३ यांची बेरीज ४२, आणि तिचा सहावा भाग ७. वर धरलेले ७ दिवस असे आले होते.

त्या काळी भारतात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये परदेशातून आणलेला संगणक सुरू झाला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये. छपराच्या कारखानदाराचा या यंत्रांशी संबंध येणे शक्यच नव्हते. तो संबंध जोडला गेला तो दोन टप्प्यांनी. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांनी घरगुती संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' हा तक्त्यांचा कार्यक्रम बाजारात आणला. एका घरातील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सर्व घरे आपोआप बदलतात, हे त्याचे मर्म. मंजुरीच्या घरात ३ ऐवजी ६ लिहिले की शेवटच्या घरात ३२ च्या जागी ३५ दिसते. भारतातील लहान व्यापाऱ्याच्या टेबलावर संगणक आला तो बहुतांशी हिशेबाच्या निमित्ताने. १९८६ मध्ये बंगलोर येथे सुरू झालेल्या 'टॅली' या कार्यक्रमाने अनेक पेढ्यांतील रोजमेळ व खतावणी यांची जागा घेतली. दुसरा टप्पा फोनचा. २०१६ नंतर देशात मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले, आणि २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाल्यामुळे ज्याला संगणक नकोसा वाटे त्यालाही तो जवळ करणे भाग पडले. आज कामांच्या याद्या, तक्ते, आठवणी व गँटचे पट्टे दाखविणारे शेकडो कार्यक्रम फोनवर मिळतात. त्यांतील अनेक विनामूल्य आहेत.

निरोप आणि नोंद

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आमच्या मते लहान कारखान्यांतील पुष्कळसा घोटाळा तो न ओळखल्यामुळे होतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनाने निरोप जातो. नोंद राहत नाही. शाळेने आराखड्यात एक खांब दोन फूट सरकविण्यास सांगितले. तो निरोप मालकाच्या फोनवर आला, त्याने तो वाचला, अंगठ्याचे चिन्ह पाठविले. त्यानंतर त्याच फोनवर शुभेच्छा, भाचीच्या लग्नाची छायाचित्रे, लोखंडाचे भाव आणि वीजबिल अशा दोनशे गोष्टी आल्या. अकराव्या दिवशी गवंड्याने जुन्याच जागी खड्डा खणला. निरोप हरवला नव्हता; तो फोनमध्येच होता. फक्त तो ज्या माणसाला, ज्या दिवशी, ज्या कामाशेजारी दिसावयास हवा होता तेथे तो नव्हता.

नोंद म्हणजे काय, तर काम कोणते, कोणी करावयाचे, केव्हापर्यंत आणि सध्या कोठवर आले आहे, या चार गोष्टी एका जागी आणि सर्वांना दिसतील अशा लिहिलेल्या असणे. हे खडूने फळ्यावरही करता येते. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी रूढ केलेल्या 'कानबान' पद्धतीत साधी पुठ्ठ्याची कार्डे वापरीत. फोनवरील साधनांचा खरा लाभ असा, की मालक लोखंडाच्या वखारीत, वेल्डर कारखान्यात आणि गवंडी शाळेच्या अंगणात असतानाही तिघांना एकच फळा दिसतो, आणि जुन्या खांबाची जागा पुसून नवी लिहिली की ती तिघांसाठी बदलते. छायाचित्र जोडता येते, तारीख आपोआप पडते. लहान उद्योगात तीन ठिकाणी विखुरलेली पाचसहा माणसे हीच मोठी अडचण असते. तेथे हा लाभ मोठा आहे.

संगणकीय तक्ताही डोळे झाकून विश्वास ठेवण्याजोगा नसतो. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोरोना रुग्णांची माहिती एका जुन्या प्रकारच्या तक्त्यात भरली जात होती. त्या तक्त्यात ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहीत. वरच्या ओळी मुकाट्याने गळून पडल्या आणि १५,८४१ रुग्णांची नोंद काही दिवस राष्ट्रीय आकडेवारीत आलीच नाही. मोठ्या सरकारी यंत्रणेचे असे होऊ शकते, तर अर्धा दिवस येणाऱ्या हिशेबनीसाने केलेल्या तक्त्यातील एखादे चुकीचे सूत्र वर्षभर कोणाच्या ध्यानात न येणे सहज शक्य आहे.

एकाच हातावर अनेक कामे

आतापर्यंत आपण शाळेचे छप्पर हेच जणू कारखान्यातील एकमेव काम आहे असे धरून चाललो. प्रत्यक्षात तसे कधीच नसते. ड्यू पाँटकडे एका कामासाठी शेकडो माणसे होती. आपल्या मालकाकडे शेकडा कामांसाठी दोन वेल्डर आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही. त्यामुळे मोठ्या प्रकल्पांसाठी घडविलेले साधन जसेच्या तसे लहान कारखान्यात आणले तर ते बहुधा निरुपयोगी ठरते. पडद्यावरचा तक्ता सांगतो की कैच्या आज सुरू करा; पण वेल्डर आज दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे फाटक जोडीत असतो.

येथे दोन सोप्या हिशेबांचा उपयोग होतो. समजा, एका वेल्डरकडे तीन कामे आहेत आणि प्रत्येकाला ६ दिवस लागतात. ती एकामागून एक केली तर पहिले सहाव्या, दुसरे बाराव्या व तिसरे अठराव्या दिवशी संपते. सरासरी १२ दिवस. परंतु तिन्ही गिऱ्हाइकांना खूष ठेवण्यासाठी त्याला दोन-दोन दिवस आळीपाळीने तिन्ही कामांवर फिरविले, तर ती चौदाव्या, सोळाव्या व अठराव्या दिवशी संपतात. सरासरी १६ दिवस. शेवटच्या गिऱ्हाइकाला काहीच लाभ झाला नाही, आणि पहिल्या दोघांचे मात्र नुकसान झाले. शिवाय दर वेळी काम बदलताना हत्यारे, माप व माल शोधण्यात जो वेळ जातो तो आपण येथे धरलेलाच नाही.

दुसरा हिशेब अमेरिकेतील जॉन लिट्ल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचा आहे. कारखान्यात सरासरी किती कामे अपुरी पडून आहेत या संख्येला आठवड्यात किती कामे पुरी होतात या संख्येने भागले, की एका काम पुरे होण्यास लागणारा सरासरी काळ मिळतो. बारा कामे उघडी असून आठवड्याला दोन पुरी होत असतील, तर आज स्वीकारलेले काम सरासरी सहा आठवडे घेणार. उघडी कामे आठवर आणली आणि पुरी होण्याचा वेग तोच राहिला, तर चार आठवडे. कोणालाही अधिक वेगाने हात चालवावा लागला नाही. संगणकीय फळ्याची सर्वांत मोठी कामगिरी कदाचित हीच असेल, की 'चालू' या रकान्यात किती कार्डे दाटली आहेत हे मालकाला रोज सकाळी निमूटपणे दिसते.

मग मालक इतकी कामे उघडतोच कशाला? याचे कारण नियोजनाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. नवे काम घेतले की बयाणा मिळतो. शनिवारी मजुरी वाटावयाची असते, आणि मागील महिन्यात पोचविलेल्या मालाचे पैसे अद्याप आलेले नसतात. म्हणून नवा बयाणा, म्हणून आणखी एक उघडे काम, म्हणून सर्वच कामांना उशीर, आणि उशीर झाला म्हणून पुन्हा पैसे अडकलेले. हे चक्र फोनवरील कोणत्याही कार्यक्रमाने तुटत नाही. ते दिसू लागते, एवढेच.

तारापूर व उंबरगाव येथील प्रयोग

साधनांमुळे कारखाना सुधारतो की सुधारू लागलेला कारखाना साधने घेतो, या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग मुंबईच्या उत्तरेस तारापूर व उंबरगाव येथील कापडगिरण्यांत २००८ पासून झाला. निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी इत्यादी अर्थशास्त्रज्ञांनी कौटुंबिक मालकीच्या १७ पेढ्यांचे २८ कारखाने निवडले. हे कारखाने आपल्या छपराच्या कारखान्यापेक्षा पुष्कळच मोठे होते, तरी कारभाराची रीत ओळखीची होती. सुताचे ढीग नोंदीवाचून पडलेले, हत्यारे विखुरलेली, विणीतील दोष वहीत लिहिले जात पण त्या वहीत पुन्हा कोणी डोकावत नसे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही कारखान्यांना सल्लागारांनी काही महिने विनामूल्य साहाय्य केले: साठ्याची नोंद, दोषांची रोजची तपासणी, यंत्रांची देखभाल, कोणी काय करावयाचे याची निश्चिती. बाकीच्यांची केवळ पाहणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे साहाय्य मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. सल्लागारांनी प्रथम संगणक आणून ठेवले नाहीत. प्रथम नोंदी सुरू केल्या. नोंदी वाढल्या, त्यांचे पृथक्करण हाताने करणे अवघड होऊ लागले, आणि मग त्या कारखान्यांतील संगणकाचा वापर आपोआप वाढला. आणि माहिती हाती येऊ लागल्यावर मालकांनी पुष्कळसे निर्णय व्यवस्थापकांवर सोपविले. दुसरी गोष्ट कमी सुखद आहे. सुमारे आठनऊ वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा अंगीकारलेल्या रीतींपैकी जवळजवळ निम्म्या सोडून देण्यात आल्या होत्या. व्यवस्थापक बदलून गेले होते आणि मालकांना वेळ नव्हता. तरीही हे कारखाने इतरांच्या पुढेच होते.

नवे साधन येताच फळ मिळत नाही, याचा जुना दाखला विजेचा आहे. इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये तो मांडला. वाफेच्या काळात कारखान्याच्या आढ्याशी एक लांब दंड फिरत असे आणि त्यावरून पट्ट्यांनी सर्व यंत्रांना गती मिळे. म्हणून सर्व यंत्रे त्या दंडाच्या ओळीतच ठेवावी लागत. वीज आल्यावर कारखानदारांनी वाफेचे इंजिन काढून तेथे एक मोठी मोटर बसविली; दंड, पट्टे आणि ओळी तशाच राहिल्या. लाभ बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन, कामाच्या क्रमाप्रमाणे यंत्रांची नवी मांडणी करण्यास अमेरिकेत १९२० नंतरचे दशक उजाडावे लागले. जी पेढी जुनी कच्ची वही जशीच्या तशी फोनमध्ये उतरवून थांबते, ती दंडाच्या टोकाला मोटर जोडते आहे असे म्हणावयास हरकत नाही.

कोणाची वही, कोणाची भाषा

फळ्यावरील नोंद वेल्डरने स्वतः केली तरच ती खरी राहते. मालकाच्या मुलाने संध्याकाळी सर्वांच्या वतीने अंदाजाने भरलेला तक्ता दिसावयास सुंदर असतो, पण त्यात काल घडलेले नसते. घडावयास हवे होते ते असते. यासाठी साधनाची भाषा कारागिराची हवी. देवनागरी व इतर भारतीय लिप्या फोनवर आता सुलभ झाल्या असल्या, तरी या कार्यक्रमांपैकी पुष्कळांच्या सूचना अजून इंग्रजीतच असतात. ज्याला 'ड्यू डेट' कळत नाही तो ध्वनिमुद्रित निरोप पाठवितो, आणि आपण पुन्हा निरोपाच्या राज्यात येतो. ज्या कारखान्यात फोनवरून कारागिराच्या प्रत्येक मिनिटाचा माग काढला जाऊ लागतो, तेथे नोंदी लवकरच खोट्या होतात. कारण 'अडले आहे' हा शब्द लिहिणाऱ्याला बोलणी बसणार असतील, तर तो ते का लिहील? आणि मालकाला सर्वांत अधिक गरज असते ती नेमकी याच शब्दाची.

वही कोणाच्या घरी आहे हेही पाहावे. कागदाची वही कपाटात राहते. फोनवरील वही दुसऱ्याच्या यंत्रावर, बहुधा परदेशात असते. 'वंडरलिस्ट' हा कामांच्या याद्यांचा जर्मनीतील लोकप्रिय कार्यक्रम २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतला आणि २०२० च्या मे महिन्यात तो बंद झाला. वापरणाऱ्यांना पूर्वसूचना व याद्या हलविण्याची सोय मिळाली होती. परंतु ज्याने सूचना वाचलीच नाही अशा माणसाचे काय होत असेल ते सांगावयास नको. महिन्यातून एकदा सर्व नोंदींची प्रत आपल्या संगणकावर उतरवून ठेवणे, एवढी खबरदारी कोणत्याही पेढीला झेपण्यासारखी आहे.

तारखेचे मोल

शेवटी, वर सांगितलेल्या बयाण्याच्या चक्राकडे पुन्हा वळू. मोठ्या कारखान्यास सुटे भाग पुरविणाऱ्या लहान पेढीला पैसे उशिरा मिळतात, ही तक्रार देशभर ऐकू येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याने यावर उपाय सांगितला आहे. खरेदीदाराने सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजेत, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. अशा तक्रारी नोंदविण्यासाठी २०१७ मध्ये 'समाधान' नावाची शासकीय संगणकीय सोयही सुरू करण्यात आली.

या सर्वांचा पाया एक तारीख आहे. माल पोचविल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचविला तोच दिवस स्वीकृतीचा दिवस धरला जातो. म्हणजे माल कोणत्या दिवशी पोचला, कोणी उतरवून घेतला आणि हरकत आली की नाही, हे दाखविता आले पाहिजे. ज्या पेढीत चलनावर सही घेऊन त्याचे छायाचित्र त्याच दिवशी त्या कामाच्या कार्डाला जोडले जाते, तिला ही तारीख शोधावी लागत नाही. ज्या पेढीत चलन टेम्पोचालकाच्या खिशात राहून पहिल्याच पावसात भिजते, तिच्या मालकाला पंचेचाळिसावा दिवस कोणता हे सांगता येत नाही, आणि तो पुढच्या शनिवारच्या मजुरीसाठी आणखी एका गिऱ्हाइकाकडून बयाणा घेण्यास निघतो.